योम्नाचं छत्तीस खणांचं कपाट

माझी थोरली बहीण अब्ला तहिया हिला, अलेक्झांड्रियाहून धाकट्या इन्शिराहचा सलाम.

अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुझं तोंड दिसत नाही एवढीच काय ती उणीव. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? सांगितलेलं मेथीचं पाणी पीत नसशीलच, मग दुखतं म्हणून मला सांगू नकोस. भावोजींना सलाम. सुनेलाही (ती बाळंत झाली की अजून तशीच आहे ते कळव). फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस. कागद मधे बोलत नाही. अक्षराला हसू नकोस, चौथीच्या पुढे मला तुम्हीच पाठवलं नाही.

तर येत्या गुरुवारी माझ्या योम्नाचं सामान तिच्या नव्या घरी जायचं आहे. नवरीचं सामान जाणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. उघड्या ट्रकवर मांडायचं, पुढे ढोल, मागे आपण बायका उलूलू करत, आणि अख्ख्या गल्लीतून दोन फेऱ्या. वर बाल्कन्यांत माणसं उभी. फ्रीज केवढा, काचेचं कपाट आहे की नाही, गाद्या किती, सगळं बघतात आणि वर्षभर तेच बोलतात. तुझ्या मनालच्या वेळी मी स्वतः बाल्कनीत उभी राहून बोलले आहे, म्हणून मला पक्कं ठाऊक.

आणि या मुलीला घर जुन्या पद्धतीचं हवं. शाळेत चित्रकला शिकवते ना, तिथेच कुठे तरी हे लागलं असणार. हातिमच्या (होणारा जावई. पोरगा चांगला आहे, पण ती बोलली की मान हलवतो) आजोबांच्या फ्लॅटमध्ये दोघं राहणार. तिथली चकचकीत फरशी त्यांनी छिन्नी घेऊन उखडली आणि खालून निघाली जुनी नक्षीची फरशी. आपली आई जी जन्मभर घासत आणि शिव्या देत आली, तसलीच. तर ही दोघं गुडघ्यांवर बसून त्या फरशीकडे बघून हसत होती. मग दर शुक्रवारी जुना बाजार. आणलं काय, तर तबकडीचा फोन, ज्याला वायरच नाही. एक गोल खांद्यांचा फ्रीज, जो थंड करत नाही, त्यात म्हणे पुस्तकं ठेवायची. आणि न्हाव्याची खुर्ची. लोखंडी, पायाने खालीवर होणारी. मी म्हटलं, पाहुणा आला की त्याची दाढी करणार का? तर योम्ना म्हणे, "आई, तुला नाही कळायचं."

सगळं आमच्याच दारात येऊन पडायला लागलं. एक दिवस भंगारवाला गाडी घेऊन थांबला आणि खुर्ची उचलायलाच लागला. मी वरून ओरडले, ठेव खाली, लग्नाचं सामान आहे ते. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग फ्रीजकडे, मग वर माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, मुलीच्या हातून काही चूक झाली का?"

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं?

शेवटी आलं ते कपाट. मसाले-जडीबुटी विकणाऱ्या कुणा मेलेल्या अत्ताराच्या दुकानातलं, छोटे छोटे छत्तीस खण, प्रत्येकावर चिनी मातीची पाटी, जिरं, बडीशेप, काय काय. रंग उडालेला, एक पाय आखूड. अत्ताराच्या बायकोकडे जाऊन जाऊन, तिचा चहा पिऊन पिऊन योम्नाने ते मिळवलं. मी ठरवलं, खुर्ची राहू दे, फ्रीज राहू दे, निदान कपाट तरी कपाटासारखं दिसायला हवं. नवरीच्या ट्रकवर धड कपाट नसेल तर लोक विचारतात, हिला आई नाही का. योम्ना शाळेत गेली आणि मी उस्ता शलबी रंगाऱ्याला बोलावलं. तो बघून म्हणाला, "योम्नाच्या आई, याला रंगवू की जाळू?" मी म्हटलं, सोनेरी कर. पाट्यांसकट केलं त्याने. वर काचेच्या मुठी लावल्या, आखूड पायाला सिंहाचा पंजा लावला (एकाच पायाला, त्याच्याकडे एकच होता). दमिएत्ताच्या फर्निचरच्या दुकानात ठेवलं असतं तर कुणी ओळखलं नसतं.

योम्ना आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एक खण उघडून नाक घातलं, मग दुसरा, मग तिसरा. छत्तीसच्या छत्तीस उघडले. मग म्हणाली, "आई, गुरुवारी तू माझ्या ट्रकबरोबर येऊ नकोस."

चार दिवस झाले. मीठ दे एवढंच बोलायची, काल तर मीठही स्वतः उठून घेतलं. त्यात हातिमची आई, हाज्जा नाहेद, आली आणि म्हणाली, "या सगळ्यात हे एकच लग्नाचं दिसतंय हो." त्या बाईचं आणि माझं जन्मात पहिल्यांदा पटलं, आणि तेही योम्नासमोर.

मी काही माफी मागणार नाही. मी चूक केलेली नाही, कपाट सुंदर झालं आहे. तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. मुलांचे गाल माझ्याकडून ओढ. अल्ला तुझा गुडघा बरा करो.

तुझी बहीण,
इन्शिराह

ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस ट्रकवाला आहे, गुरुवारचाच. तुझ्या गच्चीवर तुझ्या सासऱ्यांच्या दुकानातलं खणांचं कपाट आहे, बदकं अंडी घालतात ते. ते त्याच्याकडे दे. त्याशिवाय तुझ्या दमनहूरहून परतायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे, आणि तो जेवतो भरपूर, तेव्हा विचार करत बसू नकोस. अंडी काढून घे.

ता. क. पुसू बिसू नकोस, धूळ आहे तशी येऊ दे. एखाद्या खणाला अजून वास असेल तर तो उघडू नकोस. योम्नाने विचारलं तर तुला आपणहून सुचलं असं सांग. बदल्यात ट्रकवर चादरीखाली सोनेरी कपाट आहे, ते ठेवून घे. बदकांना त्यात जाऊ देऊ नकोस.

ता. क. गुरुवारी ट्रकबरोबर जाणार नाही असं मी तिला कबूल केलं आहे. तू येताना तुझे ते मऊ काळे बूट माझ्यासाठी आण, माझे दुसऱ्या फेरीला चावतात.