निब कोणी निवडायची

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पेन पोचले. डबी सुंदर आहे, ती ठेवून घेते. पेन परत पाठवीत आहे.

फोन उचलत नाही म्हणून घाबरून जाऊ नकोस. रागावलेले माणूस फोनवर ओरडते आणि समोरच्याला मग ओरडणेच तेवढे लक्षात राहते. माझे शब्द लक्षात राहावेत अशी माझी इच्छा आहे.

मी बारीक निब वापरते हे तुला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. जन्मभर छापखान्याची मुद्रिते तपासली, अजूनही तपासते. चुकीवर खूण करायची आणि दुरुस्ती शेजारच्या समासात लिहायची, एवढाच माझा धंदा. तो समास दोन बोटेही नसतो. तुझ्या या निबने साधा अनुस्वार दिला तरी कागदावर डास चिरडल्यासारखे दिसते. असली जाड निब नुसत्या सह्या ठोकणाऱ्या साहेबांना शोभते. मला अजून काम असते.

त्यावर कडी म्हणजे डबीतली चिठ्ठी. म्हणे, दादाशी बोलून जाड निब घेतली. निब माझी, हात माझा आणि बोलणे दादाशी! उद्या मला चपला घ्यायच्या झाल्या तर पाय कोणाचा मोजणार आहात?

मला सगळे कळते. डॉक्टरांनी माझा अंगठा पाहून ही थरथर वयाची आहे म्हटले, त्या दिवसापासून दादाच्या घरातली मागची खोली रिकामी होते आहे. आधी जाड निब, मग गॅसला हात लावायचा नाही, मग एक दिवस दाराशी टेम्पो. एकदम उचलले तर मी आरडाओरडा करीन, म्हणून तुम्ही दोघे मला हप्त्याहप्त्याने उचलता आहात.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारले, लेकीने काय पाठवले? म्हटले, टोमणा.

राग आहे. लोभ त्याच्या तळाशी आहे, तो हलत नाही.

तुझी,
आई

ता. ११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू परत पाठवलेल्या पेननेच हे लिहितेय, मुद्दाम. बघ, जाड निब चावत नाही.

राग काही तुला एकटीलाच येत नाही. तुझं पत्र मी खिडकीशी धरून वाचलं, तरी दोन ओळी लागल्याच नाहीत. कागद जागोजागी फाटलाय. 'टोमणा' मी आधी 'टोमॅटो' वाचलं आणि विचार करत बसले, की मी हिला टोमॅटो कधी पाठवले! हसू आलं, आणि मग हसू आल्याचाच राग आला.

पेनच्या दुकानात मी बराच वेळ बसले होते. पेनवाल्यांनी सगळ्या निबा समोर मांडल्या. मी डाव्या हाताने लिहून पाहिलं, हात आपलं ऐकत नसला की कसं होतं ते कळावं म्हणून. बारीक निब कागदात रुतली. जाड निबला दाबावंच लागलं नाही, ती आपली घसरत गेली. माझं नाव उमटलं, पहिलीतल्या पोरीचं वाटावं असं, पण अख्खं. पेनवाल्यांनी विचारलं, ताई, रडताय का? म्हटलं, शाईच्या वासाने. तेव्हा दादाशी बोलले ते नंतर, आई. आधी तुझ्या हाताशी बोलले.

आता तुला सांगायचं नव्हतं ते सांगते. छापखान्याच्या व्यवस्थापकांनी दादाला फोन केला होता. तुझ्या खुणा तिथे कोणाला लागत नाहीत म्हणे. दादा म्हणाला, आईने आता काम बंद करावं असं ते सुचवत होते. ते ऐकून मला इतका संताप आला! त्यांचा, दादाचा, तुझ्या अंगठ्याचासुद्धा. तुझं काम टिकावं म्हणून मी जाड निब घेतली आणि तू मला टेम्पोवाल्यांच्या बाजूला बसवलंस.

दादा मागच्या खोलीला रंग देतोय हे खरं आहे. पण तो वाईट नाही ग. त्याच्याशी बोलशील तेव्हा भान ठेवून बोल, एवढंच.

उत्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील, माया त्यातून शोधून घेईन.

तुझी,
धाकटी

ता. १६ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

दादाशी 'मान ठेवून बोल' असे तू मला लिहितेस? ज्याचे नाक पुसण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्याच्याशी? मी पत्र टेबलावर आपटले. मग सवयीने भिंग घेतले. तुझ्या लाडक्या जाड निबने 'भ'च्या डोक्यावरची फट बुजवून टाकली आहे. शब्द 'भान' आहे. म्हणजे मुलाचा मान ठेवण्यातून मी सुटले आणि भान सुटलेली बाई ठरले! यातले मला बरे कोणते, ते तूच सांग. आणि असल्या निबने मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायच्या!

आता व्यवस्थापकांचे. तुझे पत्र आले त्याच दुपारी छापखान्यात गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. आजाऱ्याला भेटायला आपण जातो, इथे आजारीच भेटायला आल्यासारखे त्यांचे तोंड झाले होते. मी म्हटले, चहा नंतर, आधी पाने दाखवा.

पाने आणली. भूगोलाचे पुस्तक. धाकटे, माझ्या हातच्या चार दुरुस्त्या मलाच वाचता आल्या नाहीत. एका ठिकाणी मी शब्द गाळायची खूण केली होती. ती निबचा ओरखडा समजून त्यांनी सोडून दिली आणि पुढच्या मुद्रितातही नदी 'समुद्राला समुद्राला' मिळाली.

मी त्यांना म्हटले, तुमच्या चुका मी आजवर तुमच्या तोंडावर सांगितल्या. माझी चूक तुम्ही माझ्या मुलाला सांगितलीत. मुद्रिते काय तो तपासतो? ते म्हणाले, बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. माझ्या भल्यासाठी माझ्यामागे बोलणाऱ्यांची आता रांग लागली आहे, आणि त्या रांगेत तू उभी आहेस याचा राग मला सर्वांत जास्त आहे.

काम बंद करा असे सुचवले होते का, हेही विचारले. त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, बाईंना बरे नाही का, एवढेच मी विचारले. तेव्हा उरलेले वाक्य कोणाचे, ते तुझ्या दादाला विचार. मी विचारले तर भान राहणार नाही.

प्रकृतीला जप. माझ्यावर रागव, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

व्यवस्थापकांनी फक्त विचारलं होतं, आईला बरं नाही का. काम बंद करायचं तू जोडलंस. आणि मी शहाणी, तुझं वाक्य जसंच्या तसं आईला लिहून मोकळी झाले. ती या वयात जिने चढून छापखान्यात गेली, आपली चूक बघून आली. तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे.

तुला भीती वाटते, ठाऊक आहे मला. ती एकटी असताना पडेल, आपण पोचेपर्यंत उशीर होईल. मलाही तीच भीती वाटते. पण भीती आपली आहे आणि घर तिचं आहे. आपली भीती जावी म्हणून तिचं घर का रिकामं करायचं?

वहिनीला नमस्कार सांग. रंग कोणता द्यायचा ते आईंना तरी विचारा, असं ती म्हणाली होती. घरात एवढी अक्कल असून तू ती वापरली नाहीस.

तू आईकडे जा. फोन नको, स्वतः जा, आणि खरं सांग. बहीण म्हणून हक्काने भांडतेय. हा हक्क राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

अक्षर पाहून कळले असेलच. होय, जाड निब आहे. चौकातल्या पेनवाल्याकडे स्वतः जाऊन घेतली. पहिल्यांदा बारीकच मागितली. 'अरुंद' लिहायला गेले, तर उकाराशी कागद फाटला. पुन्हा लिहिले, पुन्हा फाटला. दुकानात दोन गिऱ्हाईके होती, ती मुद्दाम दुसरीकडे पाहू लागली. त्या पाहण्याचा मला असा राग आला की तिसऱ्यांदाही बारीकनेच लिहिले. मग मध्यम. ती सासू आणि सून दोघींनाही तुझेच बरोबर म्हणणाऱ्या माणसासारखी निघाली. धड कोणाचीच नाही. शेवटी जाड. अंगठा थरथरत होता, पण ओळ तुटली नाही. 'भ' लिहून पाहिला. बारीक अक्षरात फट बुजली, मोठ्या अक्षरात राहिली. म्हणजे निब जाड हवी तर अक्षर मोठे हवे, आणि अक्षर मोठे हवे तर समास रुंद हवा.

तशीच उठून छापखान्यात गेले. म्हटले, माझी मुद्रिते मोठ्या कागदावर काढा, चार बोटे समास सोडा. व्यवस्थापक कागद किती लागेल ते सांगू लागले. मी भूगोलाचे ते पान पुढे केले. या पुस्तकापुरते कबूल झाले आहेत, पुढचे पुढे.

तू बरोबर होतीस. हे लिहितानाही मला रागच येतो आहे. आधी विचारले असतेस तर मी नाहीच म्हटले असते. पण तो नकार माझा असता, आणि तो खोडायलाही मीच बसले असते.

दादा रविवारी येऊन गेला. चहा घेतला. मग म्हणाला, ते वाक्य माझे होते. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला त्याची दया येईल. जेवून झाल्यावर म्हणाला, निदान न्हाणीघरात धरायला दांडा तरी लावू दे. लगेच आपल्या उंचीने भिंतीवर खूण करायला निघाला. मी त्याला बाजूला केले आणि भिंतीशी उभी राहिले. माझा हात आपसूक जिथे टेकला, तिथे त्याने पेन्सिलने रेघ ओढली.

त्याच्या खोलीत मी जाणार नाही, हे त्याला सांगून झाले. तुलाही सांगते. ही थरथर वाढत जाईल, हे मला तुम्हा सर्वांच्या आधी कळले आहे. हात माझा आहे. मोठ्या अक्षरातही जमेना, की मी कागद आवरीन आणि व्यवस्थापकांना स्वतः सांगेन. तुमच्यापैकी कोणी माझ्या आधी बोलायचे नाही.

दादा म्हणत होता, तू पुढच्या महिन्यात येणार आहेस. लोभ आहे हे तुला वेगळे लिहीत नाही. मला न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. राहायला ये.

तुझी,
आई