चौथ्या मागावरचे पंचे

नायना, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिहिता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्ही असतात तरी तुमच्या उपयोगाचं नव्हतं. तरी लिहिते. काल नातू कॉलेजचा धडा मोठ्यानं पाठ करत होता. त्यात डायव्हर्सिफिकेशन असा एक लांबलचक शब्द आला. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, "आज्जी, सगळा धंदा एकाच मालावर ठेवायचा नाही. एक माल बसला तर दुसऱ्यानं तारलं पाहिजे." मी म्हटलं, ह्याला आमच्या घरात दुसरा शब्द होता. माझे वडील, माझे नायना, ह्याला फाटे फोडणं म्हणायचे.

घरात आपण तेलुगू बोलायचो, पण रागावलात की तुम्ही मराठीत यायचात. "फाटे फोडू नको. चार माग, एक लुगडं. सोलापुरात आपलं नाव हाय ते त्याच्यावर." नाव होतं, खरंच होतं. तुमच्या लुगड्याचा काठ नवी पेठेतला व्यापारी न बघता घ्यायचा. मी अठराव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं, कडेवर मुलगी घेऊन परत आले, तेव्हा इतर बायकांसारखं सुताच्या कांड्या भरायला न बसवता तुम्ही मला थेट मागावर बसवलंत. बाईमाणसानं मागावर बसू नये असं सांगायला गल्लीतले दोघे आले, तर तुम्ही त्यांना आत घेतलं नाहीत. "तिचे पाय हायत, हात हायत. मागाला काय कळतंय कोण बसलंय ते," एवढंच दारातून बोललात. म्हणून म्हणते, माझा हट्ट मी बाहेरून आणलेला नाही.

कुर्डुवाडी स्टेशनाजवळच्या एका खाणावळवाल्याला पंचे हवे होते. मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. पुन्हा विचारलं, तर जेवणावरून उठलात. मग तुम्ही लग्नाला चार दिवस अक्कलकोटला गेलात आणि चौथा माग नुकताच रिकामा झाला होता. अम्मानं आणि मी मिळून त्यावर पंच्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला. अम्मा आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला न विचारता काही करत होती. तिनं एक धागा चुकवला नाही.

तुम्ही सकाळी आलात. खांद्यावरचं गाठोडंही उतरवलेलं नाही. मागाकडे बघता, कोनाड्यातली कात्री घेता, आणि ताणा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत कापत जाता. घाई नाही, आवाज नाही. कापून झाल्यावर म्हणता, "लुगडं विणणाऱ्याच्या घरात अंग पुसायची फडकी व्हणार न्हाईत." मी म्हटलं, "अंग तर सगळेच पुसतात, नायना." त्यानंतर तीन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

तीन महिन्यांनी तुम्ही लुगडी घेऊन नवी पेठेत गेलात आणि तेच ओझं घेऊन परत आलात. व्यापारी म्हणाला होता, बायका आता गिरणीची हलकी पातळं मागतात, ह्या जड लुगड्याला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी चारही माग थांबले. मुलगी विचारत होती, आज आवाज का नाही. मी तुम्हाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या डोळ्यांदेखत तीन मागांवर पंच्यांचा ताणा चढवला आणि कात्री मुद्दाम तुमच्या हाताशी ठेवली. चौथा माग तुमच्यासाठी सोडला. तुम्ही कात्रीला हात लावला नाहीत. आठेक दिवसांनी माझ्या मागाशी आलात, पंचा बोटांत धरलात आणि म्हणालात, "कड ढिली पडतीय." बस. चौथ्या मागावर तुम्ही शेवटपर्यंत लुगडंच विणलंत. कुणी घेणारं नव्हतं. अम्मा एकामागून एक नेसत राहिली.

मी माफी मागायला हे लिहीत नाही. तुम्ही चुकला होतात. एका कापडावर जीव लावणं मोठं असेल, पण त्या कापडाला मागणी नसली की घरातली चूल विझते, आणि ती पेटती ठेवली आम्ही दोघींनी. पंच्यांनंतर टॉवेल केले, टॉवेलांनंतर चादरी. प्रत्येक वेळी गल्लीत कुणीतरी म्हणालं, बाईनं बापाचं नाव बुडवलं. मी प्रत्येकाला दारातूनच परत पाठवलं. आज पुन्हा तो दिवस आला तर ताणा पुन्हा चढवीन. तुम्ही पुन्हा कापलात तर पुन्हा चढवीन.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला दाखवणारही नाही, कारण एक गोष्ट त्यांना कळेल. तुम्ही गेल्यावर तो खाणावळवाला घरी आला. एकट्या बाईच्या शब्दावर मोठा माल सांगायला तो कचरत होता. मी खोटंच म्हणाले, पंचे विणायचं नायनांच्याच मनात आलं होतं, ते सांगूनच गेलेत. तेव्हा गरज होती. पण पुढे कुणी विचारलं नाही तरी मी तेच सांगत गेले, मुलीला, जावयाला. काल नातवालाही आधी फाटे फोडण्याचं सांगितलं, आणि मग म्हटलं, पण शेवटी तुझे पणजोबाच म्हणाले, विण पोरी.