पाठीचा क्लेम

३ मार्च, सकाळ
परवा दुपारचं विमान. मी आणि ही, महिनाभर हिच्या थोरल्या बहिणीकडे, समुद्रापार. ताईंना ही आठ वर्षांनी भेटणार. घरात बोलणं फक्त तेवढंच.
मी विमानाला घाबरत नाही. लिहून ठेवलेलं बरं. आजवर बसलो नाही, कारण योग आला नाही. पहाटेपासून पोटात गोळा आहे, तो कालच्या जेवणाचा.

३ मार्च, संध्याकाळ
पाठ धरली. खुर्चीत बसलो होतो. ही म्हणाली, चेक-इन करून टाकू का? तेवढ्यात धरली.

४ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, उजवीकडे की डावीकडे? म्हणालो, दोन्हीकडे. दाबून पाहिलं, मी ओरडलो. जरा आधीच ओरडलो बहुतेक. एक्स-रेत मणके झिजलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, या वयात सगळ्यांचेच असतात. असोत. म्हणजे मी खोटं बोललोच नाही, फक्त एक्स-रेच्या आधी बोललो.
सर्टिफिकेट मिळालं. विश्रांती, आणि सहा महिने विमानप्रवास नको. मी एक महिना पुरे म्हणत होतो. ते म्हणाले, उगाच रिस्क कशाला.
मी हिला म्हणालो, तू एकटी जा. पण म्हणताना थोडा कण्हलो. ही म्हणाली, तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?
ताईंना फोन हिनेच केला, स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ करून. मग बॅग रिकामी केली. ताईंसाठी विणलेला स्वेटर कपाटात गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पाठीला तेच बरं असतं.

६ मार्च
रडत बसण्यात अर्थ नाही. प्रवासाचा विमा आहे. दोन्ही तिकिटांचे पैसे पूर्ण मिळवायचे. लोकांचे क्लेम फेटाळले जातात, कारण लोक वेंधळे असतात. मी कागद क्रमाने लावले, सगळ्यांचे फोटो काढले, वेळेत पाठवले. कारणाच्या रकान्यात ‘जड बॅग उचलताना’ लिहिलं. खुर्चीत पाठ धरते हे कोणाला पटेल?
पैसे आले की हिला नवा फ्रिज. मोठा, दोन दारांचा. मग झालं गेलं विसरेल.

९ मार्च
हिने गादीखाली फळी घातली. सकाळ-संध्याकाळ शेकते. शेकताना ताईंच्या गमती सांगते, लहानपणी दोघी एका पांघरुणात कशा भांडायच्या वगैरे. पिशवी फार गरम होती. बोललो नाही. तेवढं सोसायला हवं.
उद्या हिला सगळं सांगणार. नक्की.

१० मार्च
ही आज दमलेली दिसली. उद्या.

११ मार्च
ही बाजारात गेली तेव्हा माळ्यावरचा पंखा काढून पुसला. पडून पडून अंग आंबतं. ही आल्यावर म्हणाली, पंखा स्वच्छ झालाय. मी म्हणालो, हो का?

१४ मार्च
विमा कंपनीतल्या बाईंचा फोन. स्पीकरवर होता. बाई गोड बोलत होत्या. म्हणाल्या, तुम्ही बॅग उचलताना लिहिलंय, डॉक्टरांनी ‘बसल्या बसल्या पाठ धरली’ लिहिलंय. नेमकं काय झालं?
माझ्या तोंडात चहा होता. नंतर नव्हता, तरी बोलता येईना.
हिने फोन हातात घेतला. म्हणाली, “बॅग मीच उचलायला लावली हो. बहिणीसाठी काय काय भरलं होतं, फार जड झाली. उचलली आणि खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. चूक माझीच आहे.”
बाई म्हणाल्या, अहो, चूक कसली, काळजी घ्या त्यांची.
ही परत भाजी चिरायला बसली. मी शेजारी उभा राहिलो. म्हणाली, उभे राहू नका, पडा जरा.
हिला त्या दिवशीचं नीट आठवत नसावं. आज जेवण गेलं नाही.

२० मार्च
क्लेम पास! पूर्ण रक्कम. एक पैसा कापला नाही. ऑफिसात असा क्लेम कोणाचा झाला नसेल. हिला फ्रिजचं सांगितलं. म्हणाली, बघू.

२२ मार्च
हिने बघितलं. विमानाचं तिकीट काढलं. एक.
मी म्हणालो, मला आता पुष्कळ बरं आहे, मीही येऊ शकेन. हे बोलताना हातापायाला घाम आला, पण बोललो. ही म्हणाली, “सहा महिने नको म्हटलंय डॉक्टरांनी. पैसे त्याच कागदावर मिळालेत.”
महिनाभर भाज्या कुठून आणायच्या, वॉशिंग मशीन कसं लावायचं, ते दाखवलं. चिडलेली वाटत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

२६ मार्च
सोडायला गेलो. दारापर्यंतच जाऊ देतात. काचेतून दिसत होती तोवर हात हलवला. तिने एकदा वळून पाहिलं.
सांगायचं राहिलंच. परत आली की सांगेन.

२७ मार्च
हिचा फोन. सुखरूप पोचली. मागून ताईंचा आवाज येत होता, हसण्याचा.
म्हणाली, मधे विमान खूप हललं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, फार घाबरले. मीच त्यांचा हात धरून बसले, तासभर तरी.
माझ्या तोंडून निघून गेलं, “माझाही धरला असतास.”
ती म्हणाली, “म्हणून तर शेजारशेजारच्या सीट घेतल्या होत्या.”
नंतर तिने विचारलं, पाठ कशी आहे?
म्हणालो, बरी आहे. दुखत नव्हती.
म्हणाली, जेवून घ्या.