कपाटाची किल्ली

सोलापूर, मुलांचा वॉर्ड
दि. ४ एप्रिल २०२५

ती. दैवशाला आत्यांस महेश्वरीचा सा. न.

फोनवर तुम्ही नुसत्या रडता, मला बोलू देत न्हाय, म्हणून पत्र. बाबा माकणीला नेऊन देतील.

सलाईन निघालं, उलट्या थांबल्या. तुमच्या दीपमालाताईच्या साखरपुड्यात व्याह्यांना दिसू नये म्हणून तुम्ही माझं इन्सुलिन कपाटात कोंडलं, किल्ली कमरेला खोचली, अन् दोन दिवस मागितली की ‘थांब गं जरा’. हे ऐकून डॉक्टरांनी बाबांनाच झापलं. माझ्या अंगात इन्सुलिन बनतच न्हाय, अन् तुमच्या कारल्याच्या रसानं बनणारही न्हाय. इथं आईबापांनाही शिकवतात. काल आईला स्वतःच्या पोटात रिकामी सुई टोचायला लावली. ती अशी किंचाळली की शेजारचं रडणारं बाळ गप्प झालं.

लग्नाला यायचंय. पण सुई पंगतीत, सगळ्यांसमोर घेणार. चालत नसेल तर कळवा.

लोभ करा, कारली पाठवू नका.
महेश्वरी

माकणी, दि. ७ एप्रिल

चि. महेश्वरीस अ. उ. आ.

लई तोंड सुटलंय. दवाखान्यात मिरच्या टोचतात का गं? तुला उचलून गाडीत घातलं, ते डोळ्यापुढून हालत न्हाय. 

पण पंगतीत न्हाय. व्याही काय म्हणतील? उद्या तुला स्थळ कोण आणील? आतल्या खोलीत घे, मी दाराशी उभी राहते.

तुझी आत्या

सोलापूर, दि. ९ एप्रिल

ती. आत्यांस सा. न.

मी नववीत आहे. स्थळ थांबेल, इन्सुलिन थांबत न्हाय. आतली खोली म्हणजे मोठं कपाटच की. मी येत न्हाय. ताईला सांगा, मी रडले न्हाय. खोटं आहे, पण सांगा.

महेश्वरी

माकणी, दि. १४ एप्रिल

चि. महेश्वरीस अ. उ. आ.

काल लग्नाच्या कपड्यांना उमरग्याला गेलो. विहीणबाई रुद्रम्मा साड्या बघत होत्या. माझं डोकं फिरलं अन् भर दुकानात सांगून टाकलं, की माझी भाची पंगतीत सुई घेणार, पटत असेल तर बघा.   तर त्यांनीच विचारलं, साखरपुड्यात मी आग्रह करून पोळ्या वाढल्या, त्या पोरीला बाधल्या काय? अन् डोळे पुसायला लागल्या, तेही दुकानातल्या नव्या साडीला! आता पंगतीत त्या तुझ्या शेजारी बसणार, आग्रह करणाऱ्याचा हात धरणार म्हणत्यात.

सोबत कपाटाची किल्ली पाठवतेय. दीपमालाचे सगळे दागिने आत कोंडलेत. दुसरी किल्ली न्हाय. तू आली न्हाईस तर नवरी मोकळ्या गळ्यानं उभी राहील.

अन् मी किल्ली मागायला आले की म्हण, थांबा जरा.

जीव हाय तुझ्यावर, ध्यानात राहू दे.
तुझी आत्या