भोकाचा पैसा

आई, काल वहिनी येऊन गेली. काठी टेकत जिना चढली आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "वन्सं, तो स्टोव्ह आहे का अजून?" आहे. गॅसचा सिलिंडर संपला की नवा येईपर्यंत तुझा पितळी स्टोव्हच घर चालवतो. बर्नर बदलून झाला, टाकीला डाख लावून झाला. त्याचे भाग आता कुठल्या दुकानात मिळत नाहीत. विचारलं तर पोरं हसतात. पंपाचा कातडी वायसर मी अजून घरीच कापते. पण हे कौतुक सांगायला मी लिहायला बसलेली नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते भांडण शिळं झालेलं नाही.

युद्ध संपलं, स्वातंत्र्यही आलं, पण त्या विलायती स्टोव्हचे वायसर काही परत आले नाहीत. टेंभी नाक्यावरचा दुकानदार देशी वायसर द्यायचा, ते लगेच फाटायचे. मग दट्ट्या नुसता वरखाली व्हायचा, हवा भरायची नाही, आणि पिवळ्या ज्योतीनं भांडी काळी व्हायची. तू दादांच्या जुन्या वहाणेचं कातडं कापून पाहिलंस. ते ताठ निघालं. एके दिवशी मी कॉलेजातून घरी आले, तर कोनाड्यात ठेवलेल्या माझ्या कातडी बॅगेला झाकणच नाही. कॉलेजात नाव घातलं तेव्हा दादांनी आणलेली बॅग होती ती. कोपऱ्यात उसवली होती म्हणून मी त्या दिवशी नेली नव्हती, एवढंच. मला विचारायचं तरी होतंस, असं मी म्हटलं, तर तू पाटावरून वरही न बघता म्हणालीस, "बॅग तुझी, पण चहा सगळ्यांचा." राग आला. पण आतून जरा बरंही वाटलं. माझ्या बॅगेवर आपल्या घरचा स्टोव्ह चालणार होता. हे बरं वाटणं दादांचं लग्न होऊन वहिनी घरात येईपर्यंत टिकलं.

ती कल्याणची. बोलायला मऊ, हसायला तयार. मला अजून दिसतं ते असं: तू आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आहात, मध्ये स्टोव्ह उघडून ठेवलेला. तुझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात युद्धात निघालेला तो भोकाचा पैसा अडकवलेला आहे. तो तू माझ्या बॅगेच्या कातड्यावर ठेवतेस, भोवती खिळ्यानं रेघ ओढतेस, भोकातून मध्य धरून टोचा मारतेस. "रेघेवर नको कापू गं, रेघेच्या बाहेरून. दाणाभर मोठा हवा." ती रेघेवरच कापते. तू हसतेस, कातडं वाया गेलं तरी हसतेस, आणि पुन्हा पैसा ठेवतेस. माझी पोळी फाटली की तू माझ्या हातातलं लाटणं काढून घ्यायचीस आणि म्हणायचीस, जा, वाच. माझ्या चुकीला तू कधी दुसरी पोळी दिली नाहीस. तिच्या चुकीला मात्र माझ्या बॅगेचं झाकण पुरलं, मग पाठ, मग पट्टाही.

एकदा ती माहेरी गेलेली असताना वायसर गेला. तू देवळात होतीस. मी तुझ्या उशाखालचा जुडगा घेतला, पैसा ठेवून रेघेच्या बाहेरून कापलं, खोबरेल तेलात मुरवलं, अंगठ्यानं कडा वळवून वाटी केली आणि दट्ट्यावर बसवलं. काकडा लावला, हवा मारली. स्टोव्ह असा एकसुरात भरभरू लागला की दादा बाहेरून म्हणाले, आज नवा आणला की काय. तू आलीस, ज्योतीकडे पाहिलंस, पदरानं कपाळ पुसलंस.

"छान झालंय," म्हणालीस. "पण तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. या घरात तिला राहायचंय. तिचा हात बसायला हवा."

आणि वहिनी परत आल्यावर तू काय केलंस, ते तुला आठवतं? चालत्या स्टोव्हची हवा सोडलीस, माझा वायसर काढलास आणि तिला नवा कापायला लावलंस. मी बी.ए.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा पेढे वाटलेस, ते मला आठवतात. पण तो चांगला वायसर केराच्या सुपलीत पडलेला मला त्याहून स्पष्ट आठवतो.

पुढे मी दुसऱ्याच्या घरी गेलेच नाही. शाळेत शिकवायला लागले आणि इथेच राहिले. दादांची बदली नाशकाला झाली, वहिनीही गेली. जाताना तिनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. जुडग्यात पैसा नव्हता. तो तूच काढून तिला दिला होतास. मी विचारलं, तर अंथरुणावरून म्हणालीस, "तुला पगार येतो की. भोकाचा पैसा तुला कशाला?" तिला तिथं गेल्या गेल्या नवा स्टोव्ह मिळणार होता, वायसरसकट. तुझा शेवटपर्यंतचा चहा, पेज, आंघोळीचं पाणी मी या स्टोव्हवर केलं, मी कापलेल्या वायसरवर. तू एकदाही म्हणाली नाहीस की हात बसला हो तुझा.

काल चहा पिऊन झाल्यावर वहिनीनं बटव्यातून तो पैसा काढला. झिजून गुळगुळीत झालाय. "घ्या वन्सं, आईंचा आहे. मला तर कधी धड जमलंच नाही ते."

मी म्हटलं, "राहू दे. मी नजरेनं कापते."

तिनं तो परत बटव्यात ठेवला. मी खोटं बोलले नाही. नजरेनंच कापते, कारण तुम्ही दोघी खाली बसायचात तेव्हा मी दारात पुस्तक उघडून उभी असायचे आणि पान उलटायचे नाही. वायसरसाठी तो पैसा मला लागत नाही. पण ती जिना उतरत होती तेव्हा मी कठड्याशी उभी राहून तिच्या बटव्याकडेच पाहत होते.