संत्र्याच्या साली आणि तुर्की

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावणारी आता मी एकटीच उरले असेन.

साठीच्या दशकातला तो हिवाळा. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मार्मालेड शिजतंय. तुम्ही संत्र्याच्या साली चिरताय आणि मी, नाताळच्या सुट्टीतही घरून कोणी न्यायला न आलेली बोर्डिंगमधली मुलगी, बिया वेचतेय. तुमचं लहानपण तुर्कस्तानातल्या एका बंदरात गेलेलं. तुर्की बोलायला नागपुरात तुम्हाला कोण मिळणार? म्हणून मला शिकवत होतात. 'यियेसिम गेल्दी', म्हणजे माझं खाणं आलं, खावंसं वाटलं. 'आलायासम गेल्दी', रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "त्यात काय नवल? आमच्याकडेही रडू येतंच." तुम्ही इतक्या हसलात, की चुलीपाशी बसलेली बाई ओरडली, "काहून हसून राहिल्या वं दोघी? मदर आली तं मलेच बोलन!" मग तुम्ही आवाज उतरवून पुढचं सांगितलंत. 'गितमेदेन एदेमेदिम', गेल्यावाचून मला राहवलं नाही. "वाटणं पाहुण्यासारखं येतं, येऊ दे. हे 'राहवलं नाही' म्हणायची वेळ मात्र स्वतःवर आणू नकोस."

सुट्टी संपता संपता तुमची आई गेल्याची तार आली. घरी जायची परवानगी तुम्हा लोकांना नसेच. तुम्ही साली चिरतच राहिलात, सुरी तेवढी हळू झाली. मी उठले आणि तुमच्या गळ्यात पडले. दारात मदर उभ्या होत्या.

एकाच मुलीवर जीव लावणं तुमच्या नियमात बसत नव्हतं. अशा सिस्टरची बदली होते आणि निरोप घेऊ देत नाहीत, हे आम्हा सगळ्या मुलींना ठाऊक होतं. आठवडाभरात झालीच. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तुमची सायकलरिक्षा फाटकाकडे निघाली. मी रांग मोडून धावले. तुम्ही रिक्षा थांबवली नाहीत. "रांगेत जा," एवढंच बोललात, तेही समोर बघून.

ज्या नियमाने तुम्हाला आईचं तोंड पाहू दिलं नाही, एका पोरक्यासारख्या मुलीची मिठी गुन्हा ठरवली, त्याचा मला आजही संताप येतो. तुम्ही तो पाळलात, त्याचा जास्त. कुठल्या देवाला हवं होतं ते, सिस्टर? उत्तर द्यायला तुम्ही नाही आहात, हेही तुमच्या शिस्तीला शोभेसंच.

आता मी निवृत्त आहे, धरमपेठेत एकटी राहते. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तेव्हा एक सांगूनच टाकते. ऑफिसात तुमची ती वाक्यं ऐकून सगळे म्हणायचे, मॅडमना तुर्की येते. मी मान डोलवायची. खरं म्हणजे मला त्या हिवाळ्यातली वाक्यं सोडून काहीच येत नाही. पुढची शिकता आली असती, पुस्तकं मिळत होती. पण ती दुसऱ्या कुणाकडून शिकायची नव्हती मला.