अनगोळातला कूर्मावतार

अनगोळ, बेळगाव
माघ, सन १९४६

श्रीयुत नागोजीअण्णा यांस,

अनगोळाहून केशव मास्तरचा नमस्कार. कणकुंबीत सर्वांच्या प्रकृती ठीक असाव्यात. (सर्वांच्या म्हणजे सर्वांच्या. कोणा एकीचीच चौकशी करतोय असं समजू नये.)

तुम्ही मलप्रभेतलं कासव "पाण्यात सोडा, पाणी निवळ ऱ्हातंय" म्हणून दिलंत, ते मी परसातल्या दगडी डोणीत सोडलं. रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि तसंच भाकरीला बसायचं. (साक्षात कूर्मावतार! देवाला हात लावून हात कोण धुतो?) भांडीही त्याच पाण्यानं विसळायला लावली, तीर्थ म्हणून. पंधरा दिवसांत आम्हां दोघांना ताप आणि जुलाब. मी चार दिवसांत उठलो; तुमची बहीण मात्र आठ दिवस भिंत धरून चालत होती. डॉक्टरांनी डोणीतल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. अण्णा, जत्रेत एवढी गर्दी नसते! हे जंतू म्हणे कासवाच्या पोटात सुखानं नांदतात. त्याला काही होत नाही, होतं ते आपल्याला. "मास्तर, अवतार असंल, पण हात धुवा की," असं वर ऐकून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक तर ते ऱ्हाईल, न्हायतर मी." मला मेल्याला विनोदाची खाज. म्हणालो, "ते निदान बोलत तरी न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ती तुमच्याकडं आली. त्याला आज दीड महिना झाला. आता घरात कोणीच बोलत नाही. लई वंगाळ वाटतंय, अण्णा. सकाळी चहा दोन कपांत ओततो आणि दोन्ही मीच पितो.

परवा कासव टोपलीत घालून खानापूरला नदीत सोडून आलो. (मोटारीत शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा रस्सा कसा करायचा ते सविस्तर सांगितलं, आणि ते ऐकूनच की काय, कासवानं माझं धोतर भिजवलं.) परतताना खानापूरच्या मोटारतळावर समोरच कणकुंबीची मोटार उभी होती. पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. बोलावल्याशिवाय सासुरवाडीला यायचं कसं, आणि तेही असल्या धोतरानं?

थोरांच्या पायांवर डोकं, लहानांच्या डोक्यावर (साबणानं धुतलेला) हात.

आपला,
केशव

ता. क. कासवाची हकीकत कळवायला हे पत्र नाहीच. तिला पाठवा, न्हायतर मला तरी "या" म्हणा.

आणखी ता. क. पुढची ओळ जरा मोठ्यानं वाचा, माजघरात ऐकू जाईल अशी. आजवर चारचौघांत कधी नाव घेतलं नाही, आज घेतो. यशोदे, चुकलो गं मी. घरी ये.